कापडावर पट्टा का पडतो? टेक्श्चरायझिंग मशीनविषयी ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ज्यांच्या शेडमध्ये टेक्श्चरायझिंग मशीन, म्हणजे सपाट धागा फुगीर करणारे मशीन, आहे त्यांच्यासाठी हे पत्रक आहेच. पण टेक्श्चर्ड यार्न विकत घेऊन लूम किंवा निटिंग चालवणाऱ्यांनीही ते वाचावे. आमची कार्यशाळा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत आहे. डिस्क, सिरॅमिक गाईड, बेअरिंग, बेल्ट पुरवणे, हीटर तपासणे आणि जुन्या मशीनची दुरुस्ती करणे हे आमचे काम. या धंद्याची पेठ गोव्यात नाही, ती सुरत-सिल्वासाला. आमचे विणकर ग्राहक बरेचसे इचलकरंजीकडचे. म्हणजे बिघाड घाटापलीकडे आणि मेकॅनिक घाटाखाली. निम्मे निदान फोनवरच करावे लागते आणि त्याच त्याच गोष्टी पुन्हा सांगाव्या लागतात, म्हणून त्या इथे लिहून काढल्या आहेत.

बहुतेक फोनची सुरुवात एकच असते: "रंगाईत पट्टे आले, पार्टीने माल परत पाठवला. पीओवाय खराब होता का?" पीओवाय म्हणजे या मशीनला लागणारा कच्चा धागा. कधी कधी तो खराब असतोही. पण आधी मशीनकडे बघा, असे आम्ही सांगतो. 216 पोझिशनचे मशीन म्हणजे एका सांगाड्यात बसवलेली 216 छोटी मशीन, आणि प्रत्येकीने हुबेहूब सारखा धागा द्यायचा. पोझिशन चांगली चालते का, हा प्रश्न नंतरचा. ती शेजारणीसारखी चालते का, हे आधी बघायचे. सगळ्याच पोझिशन दोन डिग्रीने थंड असल्या तर सगळे कापड जरा वेगळ्या छटेत येईल आणि डायिंगवाला ती छटा सांभाळून घेईल. एकच थंड असली तर मात्र बाण्यात तिची बॉबिन लागली की तिथून पट्टा सुरू होतो आणि ती संपेपर्यंत सोडत नाही.

धागा फुगतो कसा

पीओवाय हा अर्धवट ताणलेला, सपाट धागा. टेक्श्चरायझिंगमध्ये तो एकाच वेळी ताणला, पिळला आणि तापवला जातो. ओल्या केसांची घट्ट वेणी रात्रभर ठेवून सकाळी सोडली की केसांना लाटा राहतात, तसेच हे. इथे पाण्याचे काम उष्णता करते आणि रात्रभराचे काम सेकंदाच्या एका तुकड्यात होते. पीळ देणाऱ्या फिरत्या डिस्कच्या आधी पडलेला पीळ डिस्क ओलांडताच सुटतो, म्हणून याला फॉल्स ट्विस्ट म्हणतात. पीळ गेला तरी तापून थंड झालेल्या फिलामेंटमध्ये, म्हणजे धाग्यातल्या बारीक तंतूंमध्ये, वळण राहते, आणि त्या वळणांमुळे धागा फुगीर, मऊ आणि थोडा ताण देणारा होतो.

हिशेब सोपा आहे. 9000 मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन म्हणजे डेनियर. साधारण 255 डेनियरचा पीओवाय 1.7 पट ताणला की 150 डेनियर मिळतो. 126 चा घेतला तर 75 च्या आसपास. ड्रॉ रेशो, म्हणजे धागा किती पट ताणायचा ते प्रमाण, कमीजास्त करून डेनियर 'जुळवून' घेण्याची सवय काही ठिकाणी दिसते. रेशोबरोबर धाग्याची आतली रचना आणि रंग पिण्याची ताकदही बदलते. तेव्हा डेनियर जुळवायचा असेल तर तो पीओवाय खरेदी करतानाच जुळवा.

हीटर

पॉलिएस्टर साधारण 255 ते 260 डिग्रीला वितळते. पहिला हीटर बहुतेक मशीनवर 180 ते 220 डिग्रीच्या मध्ये चालतो. मिनिटाला 600 मीटर वेग धरला तर धागा सेकंदाला 10 मीटर पळतो, म्हणजे अडीच मीटरच्या हीटरमध्ये तो जेमतेम पाव सेकंद असतो. त्या पाव सेकंदात त्याने किती उष्णता घेतली, यावर डिस्पर्स रंग (पॉलिएस्टरला लावतात तो) धागा किती पिणार हे ठरते. हीटरमधला एक-दोन डिग्रीचा फरक गडद निळ्या किंवा मरून कापडावर नुसत्या डोळ्यांना दिसतो. पांढऱ्यावर दिसत नाही, म्हणून पांढऱ्याच्या ऑर्डरवर महिनोन्‌महिने निभावून गेलेले मशीन नेव्ही ब्लूच्या पहिल्याच लॉटमध्ये उघडे पडते.

पॅनेलवर 200 आकडा दिसतो म्हणून निश्चिंत राहू नका. तो सेन्सरच्या जागचा आकडा आहे, धागा सरकतो त्या खाचेचा नाही. पीओवायवरचे स्पिन फिनिश तेल आणि पॉलिमरमधून सुटणारा बारीक अंश खाचेत जळून बसतो. पुटे चढत जातात, धाग्यापर्यंत उष्णता कमी पोहोचते आणि पॅनेल आपले 200 च दाखवत राहते. खाच ठरलेल्या मुदतीत साफ करायची ती याचसाठी. मुदत किती, ते तेलाच्या जातीवर आणि वेगावर अवलंबून आहे. तुमच्या मशीनचा जुना हिशेब बघून ती ठरवून देता येते. साफ करताना लोखंडी पट्टीने खरवडू नका. खाचेवर एक ओरखडा पडला की ती पोझिशन पुढे कायम केसाळ धागा देते.

डाउथर्म या उष्णता वाहणाऱ्या द्रवावर चालणाऱ्या जुन्या हीटरची एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. साध्या हवेच्या दाबाला हे द्रव 257 डिग्रीला उकळते. आपल्याला वाफ हवी असते 200 च्या आसपास. ती मिळते, कारण हीटरच्या आतली हवा काढून निर्वात केलेले असते. एखाद्या वेल्डिंगला किंवा व्हॉल्व्हला केसाएवढी फट पडली की बाहेरची हवा आत शिरते, वर जाऊन कोंडते आणि तिथे वाफ पोहोचत नाही. खालून हीटर गरम, वरचे टोक थंड. सेन्सर खाली असेल तर पॅनेलला पत्ताच नाही. एका हीटरवरच्या सगळ्याच पोझिशन रंगाला वेगळ्या जात असतील आणि डिस्क ठीक असतील, तर आधी हा संशय घ्या. उघडायला मात्र स्वतः जाऊ नका. हे द्रव पेट घेते, त्याचा वासही उग्र असतो, आणि पुन्हा निर्वात करण्याचे साधन लागते ते वेगळेच.

हीटरनंतरची कूलिंग प्लेट बिचारी दुर्लक्षित असते. पॉलिएस्टर 70-80 डिग्रीच्या खाली आले की फिलामेंटमधले वळण पक्के होते. प्लेटवर तेलाचा चिकटा साचला की धागा गरमच डिस्कवर जातो. प्लेट रोज पुसा, एवढेच.

डिस्क

फ्रिक्शन युनिटमध्ये तीन स्पिंडल त्रिकोणात असतात आणि त्यांच्यावरच्या डिस्क एकमेकींत शिरून फिरतात. 1-5-1 किंवा 1-7-1 असे लिहितात त्यातली पहिली आणि शेवटची नुसती वाट दाखवणारी, मधल्या काम करणाऱ्या. डिस्कच्या कडेचा वेग धाग्याच्या वेगाच्या किती पट, त्याला डीवाय रेशो म्हणतात. 1.8 रेशो, 600 मीटर वेग आणि 52 मिलिमीटरची डिस्क धरली तर डिस्क मिनिटाला 6600 फेरे घेते. धाग्याचा वेग बघा: मीटरला 2300 पीळ धरले तर तो स्वतःभोवती मिनिटाला जवळजवळ 14 लाख वेळा फिरतो. जुन्या पिन स्पिंडलला हा वेग झेपला नसता, म्हणून डिस्क आली.

पॉलियुरेथेनची डिस्क धाग्याला घट्ट धरते आणि फिलामेंट जपते, पण झिजते. सिरॅमिकची डिस्क वर्षानुवर्षे टिकते, पण फिलामेंटला घासते. युनिटखाली पांढरी पूड पडते, तिलाच स्नो म्हणतात. बारीक फिलामेंटचा, मऊ स्पर्शाचा माल असेल तर आम्ही पॉलियुरेथेन सुचवतो. जाड डेनियर आणि ठोक काम असेल तर सिरॅमिक परवडते. काही ग्राहक दोन्ही मिसळून लावतात. तेही चालते, फक्त सगळ्या पोझिशनवर तीच मांडणी हवी.

मशीन थांबवून डिस्कच्या कडेवर नख फिरवून बघा. नवी पॉलियुरेथेन डिस्क मंद, किंचित खरखरीत लागते. झिजलेली चकचकीत असते, नख सरकते, आणि मध्ये धाग्याने पाडलेला बारीक चर जाणवतो. कुठे तुकडा उडालेला असेल तर बहुधा ब्लेडने. धागा तुटून डिस्कला गुंडाळला जातो, घाईत ऑपरेटर ब्लेड मारतो, मऊ कडेला खाच पडते आणि ती खाच पुढे प्रत्येक फेऱ्याला फिलामेंट ओढत राहते. गुंडाळी हुकने उकलायला शिकवा. एका पाळीत पाच मिनिटे जातील, पण डिस्क वाचेल.

आता आमच्या धंद्याच्या फायद्याची वाटेल, पण खरी गोष्ट. 'तुटली तेवढीच बदला' हे डिस्कच्या बाबतीत चुकीचे आहे. झिजलेल्या शेजारणींमध्ये एक नवी डिस्क बसवली की त्या पोझिशनची पकड वेगळी, टेन्शन वेगळे आणि पट्टा ठरलेला. निदान एका युनिटचा संच तरी पूर्ण बदला. जमल्यास मशीनची एक पूर्ण बाजू. काढलेल्या डिस्कमध्ये बऱ्यापैकी जीव असतो. त्या मापाप्रमाणे वेगळ्या करून जाड डेनियरच्या मशीनवर वापरता येतात, म्हणजे नव्या डिस्कची खरेदी तेवढी कमी होते.

टेन्शनचे दोन आकडे

डिस्कच्या आधीचे टेन्शन टी-1, नंतरचे टी-2. दोन्ही जवळपास सारखी असावीत. डीवाय रेशो वाढवला की टी-2 उतरते. ते फार उतरले की पीळ निसटतो, धागा नाचू लागतो आणि मध्येमध्ये न फुगलेले घट्ट तुकडे जातात. विणलेल्या कापडात ते बारीक चमकत्या रेघेसारखे दिसतात. टी-2 फार चढले तर फिलामेंट तुटून धागा केसाळ होतो. आकडा बरोबर की चूक यापेक्षा 216 पोझिशनमध्ये तो किती पसरला आहे ते लिहून ठेवा. हातातल्या मीटरने आठवड्याला एक बाजू घेतली तरी चित्र उभे राहते. ऑनलाइन सेन्सर असलेल्या मशीनवर हे काम आपोआप होते, पण ते सेन्सरही मधूनमधून हातातल्या मीटरशी ताडून बघावे लागतात.

दुसरा हीटर धाग्याचा उरलेला ताण आणि मरोड कमी करतो. स्ट्रेच माल हवा असेल तर तो बंद ठेवतात. इंटरमिंगल, म्हणजे हवेच्या झोताने फिलामेंट एकमेकांत गुंतवलेला धागा, हवे असल्यास हवेचा दाब आणि जेटची स्वच्छता बघायची, इतकेच त्यात आहे.

पावसाळा

आमच्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेव्हा दमट हवेबद्दल थोडे अधिकाराने बोलतो. पॉलिएस्टर स्वतः जेमतेम 0.4 टक्के ओल घेते. नायलॉन 4 टक्के. म्हणून नायलॉनवाल्यांनी जास्त सांभाळायचे. पण पॉलिएस्टरवालेही सुटत नाहीत, कारण ओल कागदी ट्यूबमध्ये, कॉम्प्रेसरच्या टाकीत आणि कंट्रोल कार्डांवर शिरते. ट्यूब फुगली की क्रीलवर, म्हणजे पीओवाय लावायच्या चौकटीवर, उलगडताना धागा अडकतो. पीओवायची खोकी भिंतीला टेकवू नका, जमिनीवर ठेवू नका आणि वापरण्याआधी एक दिवस मशीन हॉलमध्ये आणून ठेवा. एअर ड्रायर बंद असेल तर इंटरमिंगल जेटमधून पाणी धाग्यावर येते. रोज सकाळी टाकीचा निचरा काढणे हा त्यावर फुकटचा उपाय. खाऱ्या वाऱ्याच्या पट्ट्यात शेड असेल तर स्पिंडलच्या बेअरिंगची वेळ देशावरच्या हिशेबाने धरू नका, आधी बघा.

सेकंडहँड मशीन घेताना

नव्या रंगाला भुलू नका. डाउथर्मच्या हीटरची गळती, फीड रोलरवर पडलेले चर, स्पिंडल बेअरिंगचा आवाज आणि इलेक्ट्रॉनिक कार्ड आज मिळतात का, हे चार प्रश्न आधी. मशीन चालू अवस्थेत बघायला मिळत नसेल तर भाव तसाच धरा. आम्ही बरोबर यायला तयार असतो. मशीन नाकारायची पाळी आली तरी जाण्यायेण्याच्या खर्चापलीकडे काही घेत नाही.

तक्रार कळवताना

पट्टा आला की संशयित बॉबिनवर पोझिशन नंबर, तारीख आणि पीओवायचा मर्ज नंबर (लॉटची ओळख) लिहा. दोन मर्ज एका मशीनवर मिसळले असतील तर आधी तेच सांगा, आमचा आणि तुमचा वेळ वाचेल. त्या बॉबिन आणि शेजारच्या चांगल्या बॉबिन एकामागून एक सॉक्स मशीनवर विणा, गडद डिस्पर्स रंगात रंगवा आणि तो सॉक्स कुरियरने पाठवा. मोबाइलच्या फोटोत छटा खोटी येते. सोबत टी-1, टी-2 चे आकडे, हीटरचे सेटिंग आणि शेवटची सफाई कधी झाली ते लिहा. चवथीला कार्यशाळा बंद असते आणि जुलै-ऑगस्टमध्ये दरड कोसळून घाट अडले की पार्सल रखडते, तेव्हा डिस्कचा एक जादा संच मे महिन्यातच मागवून ठेवा. तपासणीसाठी डिस्क पाठवायच्या असतील तर युनिटमधून काढल्या तशा, क्रमाने दोऱ्यात ओवून आणि न पुसता पाठवा. कडेला बसलेल्या पुडीवरून आणि तेलावरून आम्हाला बरेच कळते.