हप्त्याने जागा घेताना: साठेखतापासून खरेदीखतापर्यंत

घेणाऱ्याकडे पगारपत्रक नसतं म्हणून बँक दारात उभं करत नाही. विकणारा मात्र ओळखीचा असतो. तो म्हणतो, "थोडे थोडे द्या, शेवटचे पैसे पोहोचले की खरेदी करून देतो." गावालगतचे प्लॉट आणि शेतजमिनी अशा बोलीवर सर्रास विकल्या जातात. अमेरिकेत मिशिगन-ओहायोकडे अशा व्यवहाराला लँड कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. आपल्याकडे हे काम साठेखतावर, म्हणजे पुढे खरेदी करून देण्याच्या लेखी करारावर चालतं.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा: साठेखताने मालकी मिळत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ चं कलम ५४ सांगतं की विक्रीच्या करारातून जागेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र मिळून खरेदी होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात २०११ साली स्पष्ट केलं. म्हणजे शेवटचा हप्ता भरून खरेदीखत होईपर्यंत सातबाऱ्यावर नाव विकणाऱ्याचंच. त्याचं कर्ज, त्याची भावकी, त्याचं आजारपण हे सगळं त्या मधल्या वर्षांत तुमच्याही वाट्याला येतं. कागद करायचे ते या मधल्या वर्षांसाठी.

आमच्या नात्यात एकाने प्लॉटचे हप्ते शंभर पानी वहीत लिहून दिले होते. प्रत्येक ओळीपुढे रेव्हेन्यू तिकीट आणि त्यावर विकणाऱ्याची तिरकी सही. विकणारे गृहस्थ वारले आणि मुलगा म्हणाला, "ही सही बाबांची नाही." साठेखत नोटरीचं होतं. पुढची सहा वर्षं तारखांत गेली.

कोण विकू शकतो, कोण घेऊ शकतो

प्लॉट बिगरशेती असेल तर घेणाऱ्याला फारशी आडकाठी नाही. शेतजमीन मात्र महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय घेता येत नाही. कूळकायद्याचं कलम ६३ त्यासाठीच आहे. भोगवटादार वर्ग २ ची (विक्रीवर सरकारी बंधन असलेली) जमीन किंवा आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर परवानगी हातात आल्याशिवाय विसारसुद्धा देऊ नका. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा असला तरी अलीकडे त्यात बऱ्याच सवलती आल्या आहेत, म्हणून आपला गट कोणत्या झोनमध्ये आहे ते विचारून घ्या. परदेशी स्थायिक झालेल्या अनिवासी भारतीयांना वारशाने आलेली शेतजमीन ठेवता येते, पण विकत घेता येत नाही.

विकणाऱ्याच्या बाजूला खरी अडचण सह्यांची. सातबाऱ्यावर एकाचं नाव असलं तरी जागा वडिलोपार्जित असेल तर बहिणींचाही हिस्सा असतो. २००५ च्या दुरुस्तीनंतर तर मुलगी जन्मानेच सहहिस्सेदार आहे. "ताई काही म्हणायची नाही" हे वाक्य ऐकलं की ताईंना संमती देणार म्हणून सही करायला बोलवा. हिस्सेदारांत कोणी अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं असेल तर न्यायालयाची परवानगी लागू शकते. ते वकिलाला विचारा.

कागद

ताजा सातबारा आणि आठ-अ, जुने फेरफार, मोजणीचा नकाशा, बिगरशेती असल्यास एनए आदेश आणि मंजूर लेआउट, घरपट्टीची पावती, दोन्हीकडचं पॅन, आधार आणि फोटो. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा दिसला तर तो आधी कोण फेडणार आणि कुठल्या हप्त्यातून, हे साठेखतातच लिहून घ्या. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च करून घ्यावा आणि स्थानिक पेपरात जाहीर नोटीस द्यावी. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर स्वतःही चाळून पाहता येतं.

साठेखतात काय असावं

चतुःसीमा, गट नंबर, एकूण मोबदला हे सगळे लिहितात. घाईत सुटतात ते तीन मुद्दे: ताबा, तारीख आणि विसार.

समजा प्लॉट २४ लाखांचा, विसार ६ लाख आणि उरलेले १८ लाख दरमहा ५० हजारांप्रमाणे ३६ महिन्यांत. मजकूर साधारण असा येईल (लिहून घेणार म्हणजे घेणारा, लिहून देणार म्हणजे विकणारा): "लिहून घेणार यांनी प्रत्येक महिन्याच्या १० तारखेपर्यंत रुपये ५०,००० लिहून देणार यांचे बँक खात्यात जमा करावेत. हप्ता थकल्यास ३० दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय करार रद्द करता येणार नाही. संपूर्ण मोबदला पोहोचल्यापासून ३० दिवसांत लिहून देणार यांनी खरेदीखत नोंदवून द्यावे."

इथे विसार आणि हप्ते वेगवेगळे लिहिलेत ते मुद्दाम. व्यवहार घेणाऱ्यामुळे फसला तर विसार जप्त होऊ शकतो. पण भरलेले सगळेच हप्ते गिळण्याचं कलम न्यायालयात जसंच्या तसं टिकेल असं नाही. कंत्राट अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाईच मिळते.

तारखेचं महत्त्व मुदतीच्या कायद्यात आहे. विकणाऱ्याने खरेदीखत करून द्यायला टाळाटाळ केली तर दावा लावायला ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षं मिळतात. "ताबा आहे ना, मग कोण काढतंय" म्हणत बसणाऱ्यांची मुदत अशीच निघून जाते.

आता ताबा. ताबा आधी दिला तर महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमानुसार साठेखत खरेदीखतासारखंच धरलं जातं आणि पूर्ण मुद्रांक शुल्क तेव्हाच लागतं. ते पुढे खरेदीखताच्या वेळी वळतं करून मिळतं, म्हणून ते पैसे बुडाले असं समजू नका. ताबा खरेदीखतासोबतच द्यायचा असेल तर सुरुवातीला पूर्ण शुल्क लागत नाही. पण हप्ते भरणाऱ्याला पत्रा टाकून राहायचं असतं, कुंपण घालायचं असतं, त्यामुळे बहुतेकांना ताबा आधीच हवा असतो.

वरच्या प्लॉटचं रेडी रेकनरप्रमाणे, म्हणजे सरकारी दरपत्रकाप्रमाणे, मूल्य २७ लाख निघालं तर शुल्क २४ वर नव्हे, २७ वर. तुमच्या हद्दीतला दर ६ टक्के धरला तर १,६२,००० रुपये. नोंदणी फी १ टक्का म्हणजे २७,०००. तिची कमाल ३०,००० आहे. फरक १० टक्क्यांहून जास्त असल्याने प्राप्तिकरातही दोघांना झळ लागते. घेणाऱ्याच्या उत्पन्नात ३ लाख धरले जातात आणि विकणाऱ्याचा नफा २७ वरून मोजला जातो. म्हणून भाव ठरवण्याआधी रेडी रेकनर बघा.

नोंदणी

शुल्क 'ग्रास' या सरकारी भरणा संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचं, दस्ताची माहिती विभागाच्या संकेतस्थळावर आधी भरून ठेवायची आणि दुय्यम निबंधक कार्यालयात दोन ओळखदार घेऊन जायचं. अंगठे, फोटो, सह्या झाल्या की सूची क्रमांक २, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, मिळते. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त सादर करावा लागतो.

नोटरीवर भागवू नका. २००१ पासून कलम ५३-अ चं संरक्षण, म्हणजे ताब्यातून हुसकावण्याविरुद्धची ढाल, फक्त नोंदणीकृत करारालाच आहे.

हप्ते भरताना

स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात विकणाऱ्याला २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही. घेतली तर तितकाच दंड होऊ शकतो. एनईएफटी किंवा चेक, आणि शेऱ्यात गट नंबर. मोबदला ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल (ग्रामीण शेतजमीन सोडून) तर प्रत्येक हप्त्यातून १ टक्का टीडीएस घेणाऱ्यानेच कापून भरायचा. विकणारा अनिवासी असेल तर नियम वेगळे आणि कपात बरीच जास्त, तिथे सीए लागतोच.

विकणाऱ्याला मालकी लगेच द्यायला हरकत नसेल, तर मला वाटतं साठेखतापेक्षा दुसरी वाट बरी. खरेदीखत आजच करायचं आणि राहिलेल्या रकमेसाठी त्याच जागेचं नोंदणीकृत गहाणखत विकणाऱ्याच्या नावे लिहून द्यायचं. त्याचा बोजा सातबाऱ्यावर बसतो, घेणारा मालक होतो आणि भावकीचा धाक संपतो. बहुतेक विकणारे याला नाही म्हणतात, पण विचारून बघायला पैसे पडत नाहीत.

शेवटचा हप्ता आणि पुढे

सगळी रक्कम पोहोचल्याची पावती घ्या, पुन्हा एकदा सर्च करा आणि खरेदीखत नोंदवा. मधल्या काळात विकणारा वारला असेल तर करार त्याच्या वारसांवरही बंधनकारक असतो, मात्र खरेदीखतावर सही सगळ्या वारसांची लागते. नोंदणीनंतर फेरफाराची नोंद धरली जाते, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस जातात आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. त्यानंतर महाभूमी या सरकारी संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत काढा आणि नावातली वेलांटी, गट नंबर, क्षेत्र हे तिन्ही खरेदीखताशी ताडून बघा. चूक दिसली तर त्याच आठवड्यात तलाठी कार्यालय गाठा.