शिशाचा छर्रा आणि पोलादी बीबी : धातूच्या टार्गेटवर दोघांची वागणूक

एअरगनच्या बाबतीत आपण ‘छर्रा’ हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या वस्तूंसाठी वापरतो, आणि कागदावर नेम धरला जातो तोवर या सैलपणाने फारसे बिघडत नाही. परसात धातूचे टार्गेट लावायचे ठरले, म्हणजे नेम लागताच झुलणारे, गिरकी घेणारे किंवा आवाज करून मागे पडणारे, की या दोन वस्तूंतला फरक डोळ्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न होतो. गोंधळात भर घालते ती डब्यावरची छपाई, कारण शिशाच्या छर्‍याच्या डब्यावर जसे ‘4.5 मिमी’ लिहिलेले असते, तसेच ते पोलादी बीबीच्या डब्यावरही असते. शिवाय काही बंदुका दोन्ही चालवतात, त्यामुळे ‘बंदुकीत बसते आहे ना, मग चालेल’ असे मानणारे बरेच असतात. धातूच्या टार्गेटपुरते हे मानणे साफ चुकीचे आहे, आणि ते मला ठामपणे सांगावेसे वाटते.

दोन्ही वस्तू तळहातावर घेऊन पाहाव्यात. शिशाचा छर्रा कमरेत आवळलेला असतो. त्याचे डोके भरीव असते आणि मागची बाजू घागर्‍यासारखी पोकळ असते. हवेच्या दाबाने हा पातळ घेर किंचित फुगतो, नळीच्या आतल्या आट्यांत घट्ट बसतो आणि छर्रा स्वतःभोवती फिरत बाहेर पडतो. 4.5 मिमीचा स्पर्धेचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा असतो, तर 5.5 मिमीचा नेहमीचा छर्रा 0.9 ग्रॅमच्या आसपास भरतो. बीबी म्हणजे मात्र गुळगुळीत पोलादी गोळी. तिच्या डब्यावर 4.5 लिहिलेले असले तरी प्रत्यक्ष व्यास 4.4 मिमीच्या जवळपास आणि वजन सुमारे 0.34 ग्रॅम असते, आणि तिच्यावर बहुधा तांब्याचा किंवा जस्ताचा मुलामा असतो. या मुलाम्यामुळेच नजर फसते, कारण तांब्याचा मुलामा दिलेले शिशाचे छर्रेही मिळतात. शंका असेल तर लोहचुंबक जवळ न्यावा. बीबी त्याला चटकन चिकटते, शिसे जागचे हलत नाही.

आता दोन्ही धातूच्या पत्र्यावर आदळल्या तर काय होते ते पाहू. ब्रिनेल मापनावर शिशाचा कठीणपणा 5 च्या आसपास येतो आणि साध्या पोलादाचा 120 च्या आसपास. म्हणून शिशाचा छर्रा पुरेशा वेगाने पत्र्यावर आपटला की त्याची बरीचशी ऊर्जा स्वतःला चेपण्यात खर्च होते. टार्गेटखाली वाकून पाहिले तर शर्टाच्या बटणासारख्या चपट्या, कडेने फाटलेल्या चकत्या सापडतात, आणि पत्र्याच्या रंगावर राखाडी चांदणीसारखा डाग उमटलेला दिसतो. जे बारीक तुकडे उडतात ते मुख्यतः पत्र्याच्या पृष्ठभागाला समांतर, म्हणजे बाजूंना उडतात. यासाठी पाहणार्‍यांनी टार्गेटच्या बाजूला कधीही उभे राहू नये, सर्वांनी नेमबाजाच्या मागेच थांबावे.

पोलादी गोळी पोलादावर आदळली तर दोघांपैकी कोणीच फारसे चेपत नाही. ऊर्जा खर्च व्हायला जागाच नसते, म्हणून गोळी तिचा बराचसा वेग राखून परत फिरते, आणि पत्रा नेमबाजाच्या समोर सरळ उभा असेल तर ती त्याच्याच दिशेने येते. येथे अंदाज हमखास चुकतो. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 170 मीटर वेगाने निघाला तर त्याच्यात सुमारे 7 ज्यूल ऊर्जा असते; 0.34 ग्रॅमची बीबी 100 मीटर वेगाने निघाली तर दोन ज्यूलही भरत नाहीत. ‘बीबीची बंदूक कमजोर, म्हणून ती लोखंडावर चालवायला हरकत नाही’ हा निष्कर्ष त्यावरून काढला जातो, पण परत येणार्‍या गोळीचा प्रश्न ताकदीपेक्षा कठीणपणाचा आहे, आणि डोळ्याला इजा होण्यासाठी तेवढी ऊर्जाही पुरते.

शिशासाठी टार्गेट लावताना पत्रा घट्ट ठोकून बसवण्यापेक्षा दोन साखळ्यांनी टांगणे मला केव्हाही श्रेयस्कर वाटते, कारण झुलणारा पत्रा धक्का स्वतःकडे घेतो. साखळ्या पत्र्याच्या मागे काढलेल्या कड्यांना अडकवल्या, तर त्याचा वजनाचा मध्य टांगण्याच्या बिंदूखाली येऊ पाहतो, खालची कड मागे सरकते, वरची पुढे झुकते, आणि चेपलेले शिसे जमिनीकडे ढकलले जाते. समोरच्या बाजूला बोल्टचे डोके, वेल्डिंगचा उंचवटा किंवा वळलेली कड असू नये. स्टँडचे पाय गोल पाइपचे असतील तर त्यांच्यापुढे लाकडी फळी लावावी, कारण नेम चुकून छर्रा गोल पाइपवर घासला की तो कुठल्या दिशेला जाईल हे सांगता येत नाही. पत्रा सपाट असणे सर्वांत महत्त्वाचे. एकदा त्यावर खळगे पडले की वाटीत पाणी फिरून उसळावे तसे शिसे त्या खळग्यातून वळून मागे येऊ शकते. असा पत्रा उलटा करून वापरण्याचा मोह टाळावा आणि तो सरळ बदलावा.

अंतर किमान 10 मीटर ठेवावे. धातूच्या सिल्हूट नेमबाजीत एअर रायफलसाठी कोंबडी, डुक्कर, टर्की आणि मेंढा या आकृत्या साधारण 18 ते 41 मीटरांवर मांडतात, म्हणजे परसातले 10 मीटर हे तसे जवळचेच अंतर आहे. टार्गेट आहे म्हणून मागच्या अडसराला सुट्टी मिळत नाही. चुकलेला प्रत्येक छर्रा वाळूच्या पेटीत किंवा मातीच्या उंचवट्यात जिरला पाहिजे. टार्गेट नेमबाजाच्या खांद्यापेक्षा खाली लावले तर नेमाची रेषा आपोआप जमिनीकडे उतरते. पाडल्यावर दोरीने पुन्हा उभे करता येणारे टार्गेट असेल तर पुढे जाण्याची वेळच कमी येते, आणि जायचेच झाले तर आधी बंदूक रिकामी करावी.

बीबीसाठी यातले जवळजवळ सगळे उलटते. तिच्यासमोर कठीण काही ठेवूच नये. आत जुने कपडे कोंबलेले मोठे खोके आणि त्याच्यामागे सैल सोडलेले जाड कापड, अशी मांडणी गोळीचा वेग हळूहळू जिरवते. फुटण्याचा आनंदच हवा असेल तर अशा मऊ पार्श्वभूमीपुढे दोर्‍याने खडू टांगावेत.

शिसेविरहित छर्रे आकाराने शिशाच्या छर्‍यासारखेच दिसतात, पण कथलाचे किंवा जस्ताचे मिश्रण शिशाहून कठीण असल्याने ते जास्त उसळतात. धातूच्या टार्गेटवर मी ते वापरणार नाही. कमी ताकदीच्या पिस्तुलातून सुटलेला शिशाचा छर्रासुद्धा पुरता न चेपता परत येऊ शकतो. याच कारणाने बाजूंनी झाकलेला, आघात सोसणारा पॉलिकार्बोनेटचा चष्मा नेम धरणार्‍याने आणि मागे उभ्या असलेल्या प्रत्येकाने लावलाच पाहिजे, मग बंदुकीत काहीही भरलेले असो.

टार्गेटखाली एक रुंद ट्रे ठेवला तर चपट्या चकत्या त्यात जमतात आणि शिसे मातीत मिसळत नाही. ट्रेमधली भुकटी फुंकून किंवा कोरडी झाडून काढू नये, ओल्या फडक्याने टिपावी, आणि काही खाण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत.