लॅनवरून वायफायवर: फेलओव्हर का अडखळतो, याची पार्श्वभूमी

संगणकाला लॅनची केबल लावलेली असावी, जोडीला वायफायही चालू असावे आणि केबल निघताच काम न थांबता वायफायवर जावे (यालाच फेलओव्हर म्हणतात), ही अपेक्षा आज अगदी साधी वाटते. ती अनेकदा पुरी होत नाही आणि बिघाड शोधणारा माणूस एकामागून एक सेटिंग बदलत बसतो. कारण या व्यवस्थेचे निरनिराळे भाग निरनिराळ्या काळात, निरनिराळ्या गरजांपोटी तयार झाले आणि त्यांतले बहुतेक भाग तारेवरून बिनतारी जोडणीवर जाण्यासाठी म्हणून घडवलेलेच नव्हते.

पहिला प्रश्न तार तुटली हे संगणकाला कळते कसे, हा आहे. जाड किंवा पातळ कोअ‍ॅक्स केबलवर चालणाऱ्या जुन्या इथरनेटमध्ये ‘लिंक’ अशी गोष्टच नव्हती. १९९० साली टेन-बेस-टी हे मानक आले, संगणक आणि हब (अनेक तारा एकत्र आणणारी पेटी) यांच्यात स्वतंत्र जोडतार आली आणि दोन्ही टोके शांत असतानाही सुमारे दर १६ मिलिसेकंदांनी एकमेकांना एक छोटा स्पंद पाठवू लागली. हे स्पंद थांबले की लिंक गेली. १९९५ च्या फास्ट इथरनेट मानकात एमआयआय हा जोडभाग आला आणि लिंकची स्थिती त्यातल्या एका ठरावीक नोंदीत वाचण्याची सोय झाली. मात्र ही खूण पुढच्या उपकरणापर्यंतचीच असते. हबची जागा घेतलेल्या स्विचच्या पलीकडची केबल तुटली, किंवा राउटर चालू असून त्याला इंटरनेटच मिळत नसले, तरी संगणकाच्या पोर्टवरचा हिरवा दिवा लागलेलाच राहतो आणि फेलओव्हरला काही घडल्याचा पत्ता नसतो. संगणकाच्या टोकाची केबल उपसून ‘चालते’ असा निर्वाळा देणारी चाचणी म्हणूनच फसवी असते. ती फक्त सर्वांत सोपा प्रसंग तपासते.

लिनक्स या संगणक प्रणालीतल्या बाँडिंग ड्रायव्हरचा, म्हणजे अनेक जोडण्या बांधून एकच भासवणाऱ्या भागाचा, उगम तर वेगाच्या हव्यासात आहे. १९९४ साली नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी १६ साध्या संगणकांचा ‘बेओवुल्फ’ समूह उभारला, तेव्हा एका इथरनेटचा वेग अपुरा पडत होता म्हणून दोन जोडण्या एकत्र बांधण्यात आल्या. बेकर यांच्या या कामातूनच पुढे बाँडिंग ड्रायव्हर आला. आज आपण वापरतो ती ‘अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप’ पद्धत, म्हणजे एक इंटरफेस (संगणकाचे लॅनचे किंवा वायफायचे जोडटोक) कामावर आणि दुसरा राखीव, हा त्याचा एक प्रकार झाला. येथे एक जुना सापळा आहे. लिंक किती मिलिसेकंदांनी तपासायची हे सांगणारे ‘एमआयआयमॉन’ हे मूल्य मुळात शून्य धरलेले असते, आणि या पद्धतीत शून्य म्हणजे तपासणी बंद. ते मूल्य दिले नाही, किंवा त्याऐवजी एआरपीने (त्याच नेटवर्कातल्या आयपी पत्त्यामागचे उपकरण शोधण्याच्या पद्धतीने) शेजारच्या पत्त्याला हाक मारून पाहण्याचा पर्याय निवडला नाही, तर बाँड तयार झालेला दिसतो, पण केबल काढल्यावर हालत नाही. एआरपीचा पर्याय स्विचच्या पलीकडचा बिघाडही पकडू शकतो, मात्र दूरच्या इंटरनेटची हमी तोही देत नाही.

वायफाय या बाँडमध्ये घातले की आणखी एक अडचण येते, आणि माझ्या मते सर्वाधिक वेळ हीच खाते. बाँडिंग सर्व सदस्य इंटरफेसना एकच मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा हार्डवेअर पत्ता) देऊ पाहते. दोन इथरनेट कार्डांत ते खपून जाते. ८०२.११ हे बिनतारी मानक १९९७ साली आले, त्यात मात्र संगणक आधी आपल्या मॅक पत्त्यासह अ‍ॅक्सेस पॉइंटशी (वायफाय पुरवणाऱ्या उपकरणाशी) रीतसर जोडला जातो आणि न जोडलेल्या पत्त्यावरून आलेल्या फ्रेम (माहितीची पाकिटे) अ‍ॅक्सेस पॉइंट पुढे जाऊ देत नाही. शिवाय काही बिनतारी ड्रायव्हर पत्ता बदलूच देत नाहीत. यावर ‘फेल-ओव्हर-मॅक’ या पर्यायात ‘अ‍ॅक्टिव्ह’ हे मूल्य देता येते, म्हणजे बाँड कामावर असलेल्या इंटरफेसचा पत्ता स्वतः घेते. त्याची किंमत अशी, की आयपी पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरला आता वेगळाच मॅक दिसतो आणि तो वेगळा आयपी देऊ शकतो.

घरगुती संगणकांनी बाँडची वाट सहसा धरलीच नाही. लिनक्सवर जोडण्या सांभाळणारा, २००४ पासूनचा नेटवर्कमॅनेजर हा प्रोग्राम आज दोन्ही जोडण्या एकाच वेळी चालू ठेवतो आणि डिफॉल्ट रूटच्या (बाहेर जाण्याच्या नेहमीच्या वाटेच्या) मेट्रिकवरून, म्हणजे पसंतीच्या आकड्यावरून, निवड करतो: इथरनेटला १००, वायफायला ६००, आणि लहान आकडा जिंकतो. इंटरनेट पोहोचते का याची चाचणी चालू असेल आणि ती फसली, तर त्या रूटच्या मेट्रिकमध्ये २०,००० मिळवले जातात, त्यामुळे दिवा लागलेली पण निरुपयोगी लॅन आपोआप मागे पडते. ही चाचणी बंद असलेल्या संगणकावर तीच लॅन पुढे राहते आणि वायफाय पूर्ण चालू असूनही पान उघडत नाही.

रूट नीट बदलला तरी चालू असलेली सत्रे मरतात, आणि याचे मूळ सर्वांत जुने आहे. इंटरनेटवर माहिती खात्रीने पोहोचवणाऱ्या टीसीपीच्या १९८१ च्या मानकाने जोडणीची ओळख दोन्ही टोकांचे आयपी पत्ते आणि पोर्ट यांनी बांधली. लॅनचा पत्ता गेला की त्या पत्त्यावरची जोडणी वायफायवर हलवता येत नाही. लिनक्स मात्र पुन्हा पुन्हा पाठवत राहतो आणि १५ प्रयत्नांच्या मूळ सेटिंगनुसार हार मानेपर्यंत हिशेबाने सुमारे ९२४ सेकंद जातात. एसएसएचची (दूरच्या संगणकावर काम करण्याची) खिडकी पंधरा मिनिटे गोठलेली दिसते ती यामुळे, आणि दोष फेलओव्हरवर ढकलला जातो. २०१३ साली प्रयोगात्मक मानक म्हणून मांडलेल्या मल्टिपाथ टीसीपीने एका जोडणीला अनेक पत्ते दिले. त्याच वर्षी अ‍ॅपलने आयओएस ७ मध्ये सिरीसाठी ते वापरले, तर लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये (गाभ्यात) ते २०२० च्या ५.६ आवृत्तीत आले. टीसीपीला पर्याय असलेल्या क्विकच्या २०२१ च्या मानकात जोडणीला पत्त्यापासून अलग असा स्वतःचा क्रमांक मिळाला, त्यामुळे दोन्ही टोकांनी साथ दिली तर ब्राउझरचे काम इंटरफेस बदलूनही टिकू शकते. नेहमीचे एसएसएच अजून साध्या टीसीपीवरच चालते.