दाढी दिसली म्हणजे रब्बाय नव्हे

पूर्व युरोपातल्या ज्यू घराण्याच्या जुन्या फोटोत दाढी, काळी टोपी, लांब कोट दिसला की ‘हे आमचे धर्मगुरू, रब्बाय पणजोबा’ असं ठरूनच जातं. चूक. १९०० च्या आसपास तिथले धार्मिक शिंपी, दुकानदारही तसेच दिसत. फोटोमागचं ‘रेब’ही फसवतं, ते आपल्या ‘श्रीयुत’सारखं. खरा धागा कबरीच्या दगडावर: हिब्रूत ‘बेन’नंतर (म्हणजे ‘अमक्याचा मुलगा’) वडिलांचं नाव असतं. शिवाय अश्केनाझी, म्हणजे मध्य-पूर्व युरोपातल्या ज्यू घरात, बाळाला शक्यतो हयात नातलगाचं नाव देत नसत. आजोबांच्याच नावाचा नातू १८९५ ला जन्मला, तर आजोबा बहुधा आधीच गेलेले. १९०५ च्या फोटोतला म्हातारा दुसराच कुणी. फोटोच्या पुठ्ठ्यावर छापलेलं गाव स्टुडिओचं, घराचं असेलच असं नाही.