लहान वयातलं लग्न आणि गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर

इटलीतल्या वेरोना शहरात रिगोनी-स्टर्न नावाच्या शल्यवैद्याने १८४२ मध्ये मृत्यूच्या नोंदींची जुनी दप्तरं उघडली. १७६० ते १८३९, म्हणजे ऐंशी वर्षांच्या नोंदी. गर्भाशयाच्या कर्करोगाने गेलेल्यांत लग्न झालेल्या बायका पुष्कळ होत्या, मठातल्या नन अगदी थोड्या. स्तनाच्या कर्करोगाचं मात्र उलट, तो ननांमध्ये जास्त. पिशवीचा आणि पिशवीच्या तोंडाचा कर्करोग तेव्हा वेगळा मोजत नसत. तरी लग्नाचा या आजाराशी काहीतरी संबंध आहे, ही शंका तिथून सुरू झाली.

आपल्याकडे ती आली मुंबईमार्गे. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये उघडलं. तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी कोणत्या समाजात कुठला कर्करोग जास्त दिसतो, याचा अभ्यास केला. पुढे १९६३ मध्ये मुंबईची कर्करोग नोंदणी सुरू झाल्यावर चित्र आकड्यांत दिसू लागलं. पारशी बायकांत गर्भाशयमुखाचा, म्हणजे पिशवीच्या तोंडाचा, कर्करोग कमी आणि स्तनाचा जास्त, हुबेहूब वेरोनाच्या ननांसारखं. पारशी मुलींची लग्नं उशिरा होत आणि मुलं मोजकी. हिंदू बायकांत नेमकी उलटी तऱ्हा होती. त्यानंतरच्या पुस्तकांत जोखमीची यादी ठरून गेली : लहान वयात लग्न, लवकर आणि बरीच बाळंतपणं, गरिबी, अस्वच्छता.

यादी चुकीची नव्हती, पण तिचा सगळा रोख बाईकडे होता. बारा-तेराव्या वर्षी लग्न काही मुलगी ठरवत नाही. १८९१ च्या संमतीवयाच्या कायद्याने लग्नाची नव्हे, नुसती शरीरसंबंधाच्या वयाची मर्यादा १० वरून १२ वर नेली तर पुण्या-मुंबईत केवढं वादळ उठलं. टिळक त्या कायद्याच्या विरोधात उभे राहिले. सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचं वय १४ केलं, १९४९ मध्ये ते १५ झालं आणि १८ व्हायला १९७८ उजाडलं. म्हणजे आज सत्तरी ओलांडलेल्या आजीचं लग्न पंधराव्या वर्षी झालं असेल, तर ते कायद्यात बसणारंच होतं.

खरं कारण सापडलं ते १९८३-८४ मध्ये. जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाने गर्भाशयमुखाच्या गाठींत एचपीव्ही विषाणूचे १६ आणि १८ हे प्रकार शोधले. जगातल्या या कर्करोगाच्या सुमारे ७० टक्के रुग्णांमागे हे दोनच प्रकार असतात. त्सुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं. विषाणू शरीरसंबंधातून येतो. बहुतेकींच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत निघूनही जातो. थोड्या जणींत टिकून राहतो आणि कर्करोग व्हायला पंधरा-वीस वर्षं घेतो.

मग लग्नाच्या वयाचं काय? वयात येताना गर्भाशयमुखावरचं नाजूक अस्तर बदलून जाड होत असतं, आणि बदलाच्या त्या पट्ट्यातच विषाणूला शिरकाव सोपा जातो. शिवाय लागण जितकी लवकर, तितकी पुढची वर्षं जास्त. भारतासह आठ विकसनशील देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा सोळाव्या वर्षी किंवा त्याआधी पहिला संबंध आलेल्यांना एकविशीनंतरच्यांपेक्षा धोका दुपटीहून अधिक निघाला. जास्त बाळंतपणं, तंबाखूचा धूर आणि एचआयव्ही हे विषाणूला टिकायला मदत करतात. आणि जन्मभर एकाच नवऱ्यासोबत राहिलेल्या बाईलाही हा आजार होतो, कारण विषाणू नवऱ्याकडूनही येतो. जुन्या यादीत नवऱ्याचा रकाना जवळपास नव्हताच.

या कहाणीतला महाराष्ट्राचा वाटा मला सर्वांत मोलाचा वाटतो. १९८७ मध्ये बार्शीला ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतली गावं. रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट न बघता कार्यकर्ते गावोगाव जाऊन विचारायचे : अंगावर पांढरं जातं का, पाळी गेल्यावर पुन्हा लाल दिसतं का? विचारता विचारता बायका बोलू लागल्या आणि आजार लवकर उघडकीला येऊ लागला. त्याच पट्ट्यात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास झाला. २००९ मध्ये निष्कर्ष आला. एकदाच एचपीव्ही चाचणी केलेल्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तपासणी न झालेल्या गटात ६४. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत तर साध्या आरोग्यसेविकांनी व्हिनेगरसारखं पातळ ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहिलं, तरी मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तपासणी न झालेल्या गटाला तसंच ठेवणं योग्य होतं का, यावर पुढे बरीच टीका झाली, आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही.

बीडची गोष्ट याच्या शेजारचीच. ऊसतोडीला 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी लागते, उचल जोडीवर मिळते, म्हणून मुलींची लग्नं लवकर उरकतात. पांढरं जातं म्हणून दवाखान्यात गेलेल्या अनेकींना 'कॅन्सर होईल' अशी भीती घालून पिशवी काढायला लावल्याचं २०१९ मध्ये समोर आलं. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या सर्वेक्षणात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे शंभरात सतरा. त्याच सुमाराच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी झालेल्या भरल्या शंभरात दोन.