वाकडं पाऊल: डावं की उजवं?

रविवारी सकाळी पोहे-जिलबी आटोपून जरा टेकले होते, तेवढ्यात समोरच्या काकू कापडी पिशवी घेऊन आल्या. पिशवीत त्यांच्या पाच आठवड्यांच्या नातवाचे कागद. "तू ते अमेरिकेतल्या दवाखान्यांचं काम करतेस ना? मग हे बघून दे बाई. एक कागद डावा म्हणतो, दुसरा उजवा."

इंदूरच्या आमच्या रामबागेत माझी ओळख 'कोडिंगवाली' अशी आहे. बऱ्याच जणांना वाटतं, मी सॉफ्टवेअर लिहिते. खरं काम वेगळं. डॉक्टरांनी लिहिलेलं निदान वाचायचं आणि आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला, म्हणजे आयसीडीतला, नेमका कोड त्याला लावायचा.

कागद तीन होते. प्रसूतीनंतरच्या पहिल्या कागदावर नुसतं 'पायात व्यंग'. दुसऱ्यावर 'सीटीईव्ही, डावा'. तिसरं प्लास्टरचं कार्ड, त्यावर 'उजवा'. आणि काकूंच्या मोबाइलमधल्या फोटोत बाळाच्या उजव्या पायाला मांडीपर्यंत पांढरं प्लास्टर!

सीटीईव्ही म्हणजे जन्मतः आत वळलेलं पाऊल, बोलीभाषेत क्लबफूट. साधारण हजार जन्मांमागे एका बाळात ते आढळतं, आणि अशा बाळांपैकी जवळपास निम्म्यांचे दोन्ही पाय वळलेले असतात. त्यात चार दोष एकत्र असतात. तळव्याची कमान खोल, पावलाचा पुढचा भाग आत, टाच आत झुकलेली आणि वर ओढलेली. आयोवातले डॉक्टर इग्नासियो पोन्सेटी यांच्या पद्धतीत पाऊल दर आठवड्याला हलक्या हाताने थोडं थोडं वळवून नवं प्लास्टर घालतात. पाच-सात प्लास्टरांनंतर बहुतेक बाळांच्या टाचेमागची कंडरा छोटा छेद देऊन सैल करावी लागते. मग येतात पट्टीला जोडलेले बूट. पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास, पुढे चार-पाच वर्षांचं होईपर्यंत झोपेत.

त्या बुटांपाशी डावं-उजवं फार महत्त्वाचं ठरतं. एकच पाय वाकडा असेल तर त्या बाजूचा बूट साठ-सत्तर अंश बाहेर वळवतात, चांगल्या पायाचा तीस-चाळीस. प्लास्टर संपेपर्यंत पाऊल बऱ्यापैकी सरळ दिसायला लागलेलं असतं. बूट बसवणाऱ्याच्या हाती चुकीचा कागद पडला तर काय होईल, ते सांगायला नको.

आता माझ्या कामाकडे येते. अमेरिकेत वापरतात त्या आवृत्तीत उजव्या पायाच्या सीटीईव्हीला क्यू ६६.०१, डाव्याला क्यू ६६.०२. ही विभागणी २०१९ च्या ऑक्टोबरपासूनची. दोन्ही पाय असतील तर दोन्ही कोड लावायचे, कारण 'दोन्ही' असा वेगळा कोडच नाही. गंमत पुढे आहे. डॉक्टरांनी 'टॅलिपस इक्विनोव्हॅरस' हे सीटीईव्हीतलं वैद्यकीय नाव न लिहिता नुसतं 'क्लबफूट' लिहिलं, तर आयसीडीची सूची मला क्यू ६६.८९ कडे पाठवते, म्हणजे 'पायाची इतर जन्मजात व्यंगं' या अडगळीच्या खोलीत. बाळ तेच, पाय तोच, फक्त एका शब्दाने पत्ता बदलला. आणि मला अंदाज करायची मुभा नसते. कोडरला पाय दिसत नाही, कागद दिसतो.

अंदाज करून मी एकदा तोंडावर आपटलेही आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका चार वर्षांच्या मुलाच्या कागदावर 'फ्लॅट फूट' होतं. एवढंसं पोर, म्हणजे जन्मजातच असणार, असं धरून मी क्यू ६६.५ मधला कोड लावला. तपासणीत तो परत आला. जन्मजात असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर सपाट तळपाय एम २१.४ मध्ये, म्हणजे नंतर आलेल्या व्यंगांत जातो. शरीरशास्त्रही माझ्या बाजूने नव्हतं. लहान मुलांच्या तळव्यात चरबीची गादी असते, कमान हळूहळू घडत जाते. मुलाला चवड्यांवर उभं करा. कमान उमटली तर पाऊल लवचीक आहे, आणि ते बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं. तेव्हा 'लवचीक' की 'ताठर', हा एक शब्द डॉक्टरांनी लिहिला तर पुढच्या वाचणाऱ्याला केवढं तरी कळतं.

मोठ्यांमध्ये मला सर्वांत जास्त धास्ती मधुमेहातल्या शार्को पायाची वाटते. नसा बधिर झालेल्या असतात, त्यामुळे हाडं मोडत-सरकत असतानाही दुखणं फारसं जाणवत नाही. पाय लाल, गरम आणि सुजलेला दिसतो, आणि बरेचदा तो जंतुसंसर्ग समजला जातो. कागदावर फक्त 'पायाला सूज' आलं, तर मधुमेहाशी त्याचा धागा तिथेच तुटतो. शार्को असं लिहिलं, तर टाइप २ मधुमेह आणि सांधा मिळून ई ११.६१० हा एकच कोड लागतो, आणि पुढचा डॉक्टर पावलावर भार न देण्याची सोय आधी बघतो.

भारतात बहुतेक ठिकाणी जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-१० वापरतात. तिच्यात क्यू ६६.० आहे, पण बाजू नाही. म्हणजे आपल्याकडे डावं-उजवं सांभाळायची सगळी जबाबदारी डॉक्टरांच्या हस्ताक्षरावर! राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून नवजात बाळांच्या तपासणीत क्लबफूट आहे. त्या तपासणीतून बाळ पुढे पाठवताना चिठ्ठीवर 'व्यंग' एवढंच असलं, तर पुढचा माणूस पुन्हा शून्यापासून सुरू करतो.

काकूंना सांगितलं, "कागद फाडू नका, त्यावर काही लिहूही नका. ज्यांनी लिहिला त्यांच्याकडेच न्या." खाडाखोड करून दुरुस्ती होत नसते. चुकीच्या शब्दावर एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी, वर बरोबर शब्द, शेजारी सही आणि तारीख. शिवाय दर आठवड्याचा पिरानी गुण मागायला सांगितला. सहा खुणा, प्रत्येकीला शून्य, अर्धा किंवा एक. सहा म्हणजे फार वाकडं, शून्य म्हणजे सरळ.

पुढच्या प्लास्टरनंतर काकू पिशवीसकट हजर. 'डावा'वर रेघ, वर 'उजवा', सही, तारीख, सगळं चोख. पिरानीची जागा कोरीच होती. काकूंनी चहासुद्धा घेतला नाही, तशाच परत गेल्या.