रुग्णालयोत्तर वृद्धसेवा (इंग्लंड)

रुग्णालयातून घरी सोडलेल्या वृद्धांना पुन्हा हिंडते-फिरते करण्यासाठी ठरावीक मुदतीपुरती पुरवली जाणारी सेवा. इंग्लंडमध्ये ती 'इंटरमीडिएट केअर' या नावाने ओळखली जाते. उपचार संपलेत, पण एकट्याने राहण्याइतकी ताकद अजून आलेली नाही, अशा माणसांसाठी ती आहे.

या सेवेचे मूळ पैशांच्या वाटणीत आहे. १९४८ पासून एनएचएसचे, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचे, उपचार मोफत आहेत. आंघोळ, कपडे, जेवणखाण यांसाठी लागणारी मदत मात्र स्थानिक कौन्सिलकडे (आपल्याकडच्या नगरपालिकेसारखी संस्था), आणि तीही मिळकत पाहून. खर्च कोणी उचलायचा हे ठरेपर्यंत बरा झालेला रुग्णही वॉर्डातच पडून राही. वृद्धांच्या बाबतीत हे पडून राहणेच घातक ठरते, कारण स्नायू फार झपाट्याने झिजतात. वृद्धांच्या सेवांसाठीच्या २००१ च्या राष्ट्रीय आराखड्याने या सेवेला अधिकृत स्थान दिले. २००३ च्या कायद्यानुसार ती सहा आठवड्यांपर्यंत मोफत झाली, आणि कौन्सिलमुळे सुटी रखडली तर तिच्याकडून दिवसाला १०० पौंड (लंडन व आग्नेय भागात १२०) भरपाई आकारण्याची सोय तेव्हा झाली होती.

सेवेचा गाभा 'रिएबलमेंट', म्हणजे रोजची कामे पुन्हा स्वतः करता येतील असे करणे. यात घरी येणारी सेविका आजींना चहा करून देत नाही. त्या स्वतः करत असताना बाजूला उभी राहते. किटली भरताना तोल जातो का, वरच्या फळीवरचा डबा खाली ठेवावा का, हे पाहते. शौचालयात उंच बैठक, भिंतीला धरायला दांडा, चालायला वॉकर आणि दाराबाहेर आकडे जुळवून उघडणारी किल्लीची पेटी, एवढ्यावर पुष्कळ निभावते. आपल्याकडे अशा वेळी सून, लेक किंवा ब्युरोची मावशी सगळे हातात आणून देते. त्यात माया असते, पण हात-पाय चालते होत नाहीत.

पुढे 'आधी घरी सोडा, गरजा तिथेच तपासा' ही पद्धत आली. मार्च २०२० मध्ये कोविडच्या धामधुमीत ती देशभर लागू झाली. रुग्णालयातल्या सरावाच्या स्वयंपाकघरापेक्षा स्वतःच्या ओट्याशी माणूस काय करू शकतो हे जास्त खरे कळते, हा तिचा आधार. मात्र त्याच घाईत चाचणी न करताच अनेकांना वृद्धाश्रमांत हलवले गेले. तिथल्यांना असलेला धोका ध्यानात न घेणारे हे सरकारी धोरण उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बेकायदा ठरवले.

यश मोजण्याचा बराच काळ रूढ असलेला एक मापदंड म्हणजे सुटीनंतर ९१ व्या दिवशी व्यक्ती घरी आहे की नाही. ती घरी कशी आहे, हे त्यातून समजत नाही. मोफत मुदत संपली की २३,२५० पौंडांहून अधिक पुंजी असलेल्याला पुढचा खर्च सहसा स्वतः करावा लागतो. स्कॉटलंडमध्ये मात्र २००२ पासून ६५ वर्षांवरील गरजूंना वैयक्तिक शुश्रूषा मोफत आहे.